बेडपॅन आणि आजीचा सवाल

आमच्या वस्तीतील एक मुलगी बी.एस्सी. नर्सिंगला लागली. जातवैधतेच्या कागदांसाठी तिच्या वडिलांबरोबर हेलपाटे आम्हीच घातले. दिवाळीला ती घरी आली, तेव्हा आजीने विचारले, "काय शिकवतात गं तुला?" पोरीने सरळ सांगून टाकले : पेशंटला पलंगावरच आंघोळ घालायची, बेडपॅन द्यायचे, उचलायचे. आजी भडकली. "बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढायची सोडायला लावली, अन् ही आता लोकांचं हागणं-मुतणं काढणार?" फॉर्म आम्ही भरलेला, तेव्हा बोलावणेही आम्हालाच आले!

खरे सांगतो, आम्ही निरुत्तर झालो. मग पोरीची वही मागितली. आंघोळ घालताना पाठ, टाचा, माकडहाड बघायचे. लाली दिसली तर तिथे जखम होणार हे ओळखायचे, दर दोन तासांनी कूस बदलायची. लघवी मोजून लिहायची. शौच डांबरासारखे काळे असेल तर पोटात रक्तस्राव झाला असू शकतो, ताबडतोब कळवायचे. हे सारे आधी पुतळ्यावर, मग वॉर्डात बाईंच्या नजरेखाली. जोडीला शरीरशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, आहारशास्त्र. चार वर्षे, आठ सत्रे.

पाहुण्यांसमोर तोंड न उघडणारी ही पोर आता शेजारच्या काकांना लघवी किती वेळा होते ते न लाजता विचारते. हा बदल पुस्तकाने होत नाही, वॉर्डाने होतो.

आजीला तिने उत्तरही स्वतःच दिले : "आजी, तिथं ड्युटी रोल नंबरनं लागते. पाटलाची पोरगीपण बेडपॅन उचलते, अन् मुलंपण." होस्टेलच्या जेवणाच्या टेबलावर कोण कुणाशेजारी बसते, असे आम्ही विचारले. त्यावर मात्र ती गप्प राहिली. आम्हीही जास्त खोदले नाही.

भिंतीवर सावित्रीमाईंचा फोटो होता. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करतानाच त्या गेल्या, हे आजीला ठाऊक होतेच. ती काही बोलली नाही. फक्त सुजलेला पाय नातीपुढे केला.

बारावी सायन्सला जीवशास्त्र घेतलेल्यांनी ध्यानात ठेवावे : राज्यात बी.एस्सी. नर्सिंगसाठी वेगळी सीईटी असते. आणि जातवैधतेचा अर्ज अकरावीतच टाका, निकालाची वाट पाहू नका.