औंढ्याची वेधशाळा आणि आकाशातला त्रिकोण

आषाढीत नामदेव पायरीपाशी हिंगोलीकडच्या एका वृद्ध वारकरी बुवांनी मला विचारले, "आमच्या औंढ्याला गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होतेय म्हणतात, मग तेच यंत्र पुन्हा आभाळात कशाला न्यायचं?" ज्या नामदेवरायांची ही पायरी, त्यांचे नरसी गावही त्याच जिल्ह्यातले, तेव्हा प्रश्न योग्य ठिकाणी आला होता.

अवकाश-काळाला ताणत-आवळत जाणाऱ्या या लहरींना वातावरण अडवते, असा समज सुशिक्षितांतही आढळतो; वस्तुतः वातावरणच काय, अखंड पृथ्वीही त्यांना अडवू शकत नाही. खरी अडचण जमिनीची आहे. महाद्वारातल्या फरशीवर अनवाणी उभे राहिले, की दिंडीच्या पावलांचा कंप जसा तळव्यांना जाणवतो, तशी सारी भूमी सागराच्या लाटांनी, वाऱ्याने, वाहनांनी अहोरात्र थरथरत असते, आणि संथ लहरी त्या थरथरीत बुडून जातात. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळेने टिपलेली पहिली लहर सेकंदाच्या पाचव्या हिश्शात आटोपली. परंतु लक्षावधी सूर्यांच्या वस्तुमानाची कृष्णविवरे परस्परांत विलीन होतात, तेव्हा एकेका आवर्तनाला कित्येक मिनिटे, कधी तासही लागतात, आणि त्यांच्यापुढे जमिनीवरच्या वेधशाळेच्या, लेसर धावणाऱ्या 4 किलोमीटरांच्या भुजा तोकड्या पडतात. म्हणून औंढा आणि आकाश हे प्रतिस्पर्धी नव्हेत.

युरोपीय अवकाश संस्थेच्या 'लिसा' या मोहिमेत सूर्याभोवती फिरणारी तीन याने 25 लाख किलोमीटर भुजांचा त्रिकोण साधतील. प्रत्येक यानात सोने-प्लॅटिनमचे दोन घन, मुठीत मावतील एवढे, पण वजनाला सुमारे दोन किलो, कशालाही न टेकता तरंगत राहतील, आणि यानायानांतल्या घनांमधले अंतर लेसरने मोजले जाईल.

ही मोहीम नुसती रखडली, असेही म्हणतात. 1993 साली तिचा प्रस्ताव संस्थेपुढे आला, अंतिम मंजुरी 25 जानेवारी 2024 रोजी मिळाली, आणि उड्डाण 2035 साली योजले आहे. यात पैशाच्या ओढाताणीने वर्षे गेली, 2011 साली अमेरिकेने अंग काढून घेतले, हे कबूल केलेच पाहिजे. मात्र ते घन खरोखर तितके निश्चल राहतात की नाही, हे डिसेंबर 2015 मध्ये चाचणीयान पाठवून पडताळल्याविना पुढे पाऊल टाकणे गैरच ठरले असते.

शिवाय त्या भुजा एकसारख्या लांबीच्या असतात, हाही भ्रमच. यानांच्या भ्रमणाने त्या सतत कमीजास्त होतात, त्यामुळे लेसरचा स्वतःचा गोंगाट आपोआप वजा होत नाही. तो गणिताने वजा करावा लागतो. त्या गणिताची बीजगणितीय मांडणी पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतील संजीव धुरंधर यांनी दोघा सहकाऱ्यांसह 2002 सालीच करून ठेवली आहे. ज्या प्रकाशासाठी ती केली, तो अजून निघायचा आहे.