जुनी फायबरग्लास होडी : कोणी, कशासाठी घ्यावी?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला घसारा फार लवकर भेटतो. यंत्र विकत घेतले की दरवर्षी त्याची किंमत ठराविक टक्क्यांनी उतरवायची. काही वर्षांनी ते वहीत जवळजवळ नाहीसे होते. या हिशेबाला चकवणारी एक वस्तू म्हणजे फायबरग्लासची शिडाची होडी. ४ सप्टेंबर २०२२ रोजी फ्रान्समधील ले साब्ल दोलोन येथून सुरू झालेल्या 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत अटच अशी होती की होडीचा आराखडा १९८८ पूर्वीचा हवा, लांबी ३२ ते ३६ फूट हवी आणि तळाला लांब कील हवी. अशा होडीतून एकट्याने, कुठेही न थांबता, उपग्रहाच्या मदतीशिवाय पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची! आपले नौदलातून निवृत्त झालेले कमांडर अभिलाष टॉमी २९ एप्रिल २०२३ रोजी तीत दुसरे आले. त्यांची 'बायानत' ही रस्टलर ३६ जातीची होडी. तिचा आराखडा १९८०च्या सुमाराचा.

वांकिडीच्या मुलाने समुद्राविषयी लिहावे याचे वाचकांना हसू येईल. शिडाच्या शर्यती पाहायच्या तर आम्हाला हैदराबादचा हुसेनसागर गाठावा लागतो. पण फायबरग्लास मात्र आमच्याकडे घरोघर आहे. उन्हाळ्यात खिडकीला लावलेल्या कूलरच्या जुन्या फायबरच्या खोक्यावरून हात फिरवा. हाताला पांढरी भुकटी लागते. होडीच्या वरच्या थराचेही उन्हाने तेच होते. काचेच्या तंतूंची चटई घालायची, तीवर राळ ओतायची, ती घट्ट झाली की पुन्हा चटई, पुन्हा राळ, अशी ही बांधणी असते. १९६०च्या दशकातील कारागिरांना या नव्या पदार्थाचा पुरता भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी थर जाड घातले. पुढे राळ महागली आणि हिशेबही नेमका झाला, तसे थर पातळ होत गेले. जुन्या होड्या टिकल्या त्या पूर्वजांच्या अविश्वासामुळे, असे म्हटले तरी चालेल.

आता प्रश्न उपयोगाचा. लांबच्या प्रवासासाठी लांब कीलची होडी उत्तम मानतात. कील म्हणजे तळाचा जड कणा. रस्टलर ३६ चे वजन सुमारे ७,६०० किलो, त्यातील जवळजवळ ४५ टक्के हे तळाचे भारवजन. होडी कलंडली तरी हे वजन तिला पुन्हा उभी करते. सुकाणू कीलच्या मागच्या कडेलाच जोडलेले असल्यामुळे ओंडक्याचा धक्का लागला तरी सहसा निखळत नाही. शिवाय अशी होडी सरळ रेषेत चालते, एकट्या माणसाला झोप घेता येते. तोटा एवढाच की ती वळते सावकाश आणि धावते त्याहून सावकाश. अशा जड होडीचा कमाल वेग तिच्या पाण्याला टेकलेल्या लांबीवर ठरतो : त्या लांबीच्या फुटांचे वर्गमूळ काढून १.३४ ने गुणावे. सत्तावीस फुटांना उत्तर येते सुमारे ७ नॉट, म्हणजे ताशी १३ किलोमीटर. आमच्याकडे सायकलवाला तेवढा जातो.

शर्यतीसाठी म्हणून वेगळी जात लागते. हुसेनसागरावर धावणारी लेझर अवघी ४.२ मीटर लांब, तिच्या सांगाड्याचे वजन ५९ किलो. तीत ना झोपायला जागा, ना शिजवायला. जरा मोठी, १९७७ सालची जे-२४ ही अरुंद, खोल कीलची. ती चटकन वळते आणि वाऱ्याच्या तोंडाजवळ जाते. अशा होडीत कील बोल्टांनी जोडलेली असते, तेव्हा जुनी घेताना ते बोल्ट आधी पाहावेत. मधला मार्ग म्हणजे १९७१ ची काँटेसा ३२. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळाने पंधरा स्पर्धकांचा बळी घेतला, तेव्हा सर्वांत लहान वर्गातून शर्यत पुरी करणारी एकच होडी निघाली, 'असेंट'. ती काँटेसा ३२ होती. मला निवडायला सांगितले तर मी हीच निवडीन, पैसे दुसऱ्याचे असतील तर!

राहण्यासाठी जुनी होडी घेणे मात्र मला पटत नाही. जुन्या होड्या पोटाला अरुंद असतात. डेकच्या दोन थरांमध्ये बऱ्याचदा हलके बाल्सा लाकूड भरलेले असते. एका सैल स्क्रूतून पाणी शिरले की ते आतल्या आत कुजते, आणि गळती नेमकी अंथरुणावर होते. मुंबईत तर पावसाळ्यात क्रीडानौका पाण्याबाहेर काढून ठेवतात. मग तीन-चार महिने बिऱ्हाड कुठे हलवायचे?

जुने म्हणजे भक्कम असेही समजू नये. 'अ‍ॅस्टेरिया' ही १९६५ ची होडी. २०१८ च्या शर्यतीत तिच्या तळाला शिंपले चिकटले आणि फिनलंडच्या टापिओ लेहटिनेन यांना फेरीला ३२२ दिवस लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये तीच होडी हिंदी महासागरात काही मिनिटांत बुडाली. त्यांना तराफ्यातून उचलले ते स्पर्धक कर्स्टन नॉयशेफर यांनी, आणि शर्यत जिंकलीही त्यांनीच. उलट नवी बांधणी म्हणजे निर्धास्त असेही नाही. टॉमी यांची २०१८ ची 'थुरिया' गोव्यात नव्याने बांधलेली होती, मुंबईत सागवानाने बांधलेल्या 'सुहेली'ची प्रतिकृती. २१ सप्टेंबरला वादळात ती उलटली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि 'ओसिरिस' या फ्रेंच मत्स्य-गस्ती जहाजाने त्यांना वाचविले.

गोव्याचा उल्लेख निघालाच आहे तर 'म्हादेई'चा करावयास हवा. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ती ५६ फुटी नौका बांधली गेली : गाभ्याला लाकडी पट्ट्या, आतबाहेर फायबरग्लास. ऑगस्ट २००९ मध्ये कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून तीतून निघाले आणि मे २०१० मध्ये चार मुक्कामांनंतर परतले. एकट्याने शिडावर जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

घेणाऱ्याने प्रथम लाकडी हातोडी घ्यावी आणि तळावर, डेकवर टिचक्या मारीत फिरावे. बाजारात माठ वाजवून घेतो तसे. खणखणीत आवाज आला तर थर एकजीव आहेत. बद्द आवाज आला तर आत पाणी आहे किंवा थर सुटले आहेत. तळावर फोड दिसले तर एक फोडून पाहावा; आंबूस वासाचे पाणी निघाले तर राळेपर्यंत ओल पोहोचली. तळ खरवडून, महिनोन्महिने वाळवून पुन्हा लेप द्यावा लागतो. पुढे शिडे, तारा, दोर, इंजिन यांचा खर्च वेगळा मांडावा. सांगाड्याला घसारा कमी, या सर्वांना मात्र भरपूर, आणि विक्रेता किंमत सांगतो ती सांगाड्याची.