उवा बघणारी आई

उवा काढून घेताना मान किती अवघडते हे ज्याला आठवतं, त्याला या चित्रासाठी कलेचा इतिहास वाचावा लागत नाही. लेकरू गुडघ्यांवर बसलंय, डोकं आईच्या मांडीत. आईची बोटं केसांत, नजर बोटांवर. फक्त ही आई डच आहे आणि काळ 1660च्या सुमाराचा. चित्रकार पीटर द होख. जेमतेम दोन फूट रुंदीचं हे चित्र आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे.

आई आणि मूल म्हटलं की युरोपात शतकानुशतकं मेरी आणि बाळ येशू. इथे मात्र देवत्वाची प्रभावळ नाही, आहेत त्या उवा! हॉलंडच्या प्रोटेस्टंट चर्चमधून चित्रं उतरली होती आणि शहरातली साधी माणसं घरच्या भिंतींसाठी चित्रं विकत घेऊ लागली होती. खेरार्ड टेर बोर्ख यानेही थोडं आधी हाच विषय रंगवला होता. 1614 सालच्या एका डच बोधचित्रसंग्रहात तर फणीला मानाचं पान आहे: ती साफ करते आणि शोभाही आणते. मुलाचं डोकं स्वच्छ ठेवावं तसं मनही, असा बोध त्या काळच्या लोकांनी घेतला असेल. घेवोत बापडे. मला त्या बोटांपलीकडे जाववत नाही.

कारण ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की सरकत येते. लीख तर केसाच्या मुळाशी डिंकासारखी चिकटलेली, नुसत्या पाण्याने हलत नाही. बट बट उलगडून बघावं लागतं, आणि त्याला उजेड हवा. उजेडाचं वेड असलेल्या चित्रकाराला घरातलं याहून सोयीचं काम कुठलं सापडणार? होख तर एका उजेडावर भागवत नाही. आईच्या हातांवर मऊ प्रकाश, आणि उघड्या दारातून दिसणाऱ्या मागच्या खोलीत लख्ख ऊन. दारातून पलीकडचं दाखवण्याच्या या युक्तीला डच भाषेत स्वतंत्र शब्द आहे, ‘दोरकाइक्ये’.

होखचे वडील गवंडी, आई सुईण. त्याच्या काही चित्रांत, जिथे फरशीच्या सगळ्या रेषा एका बिंदूत मिळतात, तिथे टाचणीचं बारीक भोक सापडलंय. टाचणीला खडू लावलेली दोरी बांधायची, ताणायची, टणकन सोडायची, की रेघ उमटली. गवंडीही सूत मारतो ते असंच. बापाची दोरी फरशीत उतरली असेल, तर आईचं काय उतरलं, हे या चित्रात शोधायचा मोह मला आवरत नाही. आणखी एक गंमत. डेल्फ्टमध्ये होखच्याच काळात राहणाऱ्या चित्रकार व्हरमेरच्या घरी 11 मुलं वाढली, पण त्याच्या आज माहीत असलेल्या चित्रांत मूल मांडीवर घेतलेली एकही आई नाही.

मागे भिंतीत कपाटासारखा बसवलेला पलंग. मधे एक लहानसा कुत्रा, पाठ आपल्याकडे आणि तोंड उन्हाकडे. आणि पुढच्या बाजूला एक बुटकी लाकडी खुर्ची, तिचं डच नाव ‘काकस्टूल’, म्हणजे सरळ शीची खुर्ची. मांडीत डोकं ठेवलेल्या लेकराला ती आता लहान पडेल. म्हणजे घरात आणखी एक धाकटं असणार, आणि त्याचं डोकं बघायचं अजून बाकी आहे.