सामाईक भिंतीचे घर : जेरिको ब्राउन यांची कविता

चंडीगड शहराची उभारणी १९५० नंतरच्या दशकात सुरू झाली, तेव्हा ल कॉर्ब्युझिए यांच्या नगररचनेची कीर्ती जगभर पसरली. परंतु सामान्य माणसाच्या दृष्टीने पियेर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू यांनी आखलेली सरकारी घरे तितकीच महत्त्वाची होती. मुख्यमंत्र्यांपासून शिपायापर्यंत प्रत्येक पायरीसाठी घराचा नमुना निराळा ठरवण्यात आला. खालच्या पायऱ्यांवरील नोकरवर्गाची घरे विटांच्या रांगांत बांधली गेली; एका घराची भिंत तीच शेजारच्या घराचीही भिंत. अशा घरात राहणाऱ्याला एक गोष्ट न शिकवता कळते. भिंत माणसाला शेजाऱ्यापासून वेगळे करते, आणि तीच त्याला शेजाऱ्याशी बांधूनही ठेवते.

एका छपराखालच्या, मधली भिंत सामाईक असलेल्या अशा जोडघराला अमेरिकेत 'डुप्लेक्स' म्हणतात. आपल्याकडे त्या शब्दाने दुमजली सदनिका ओळखली जाते. तेथे अर्थ निराळा आहे. याच शब्दाचा उपयोग जेरिको ब्राउन या कवीने आपण घडविलेल्या एका नव्या काव्यप्रकाराचे नाव म्हणून केला. ब्राउन कृष्णवर्णीय आहेत, समलिंगी आहेत आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातील आहेत. त्यांच्या कवितेला हे नाव का घ्यावेसे वाटले, हे समजले म्हणजे त्या कवितेचे मर्म समजले असे म्हणता येईल.

ब्राउन यांचा जन्म १९७६ साली लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट या गावी झाला. त्यांचे मूळ नाव नेल्सन डेमेरी. जेरिको हे नाव त्यांनी पुढे स्वतः घेतले. बायबलच्या जुन्या करारात जेरिको हे तटबंदीचे शहर आहे. रणशिंगांच्या नादाने आणि लोकांच्या गजराने त्याची भिंत कोसळली, अशी कथा यहोशवाच्या पुस्तकात आहे. ज्याने शब्दाच्या नादावरच आयुष्य उभे करायचे ठरवले, त्याला शोभणारे हे नाव आहे.

घर धार्मिक वृत्तीचे, आणि रविवारची प्रार्थनासभा हा जीवनाचा कणा. कृष्णवर्णीय समाजाचे चर्च हे केवळ उपासनेचे स्थान नव्हते. गुलामगिरीच्या काळापासून तेच त्या समाजाचे गायनगृह, सभागृह आणि आश्रयस्थान होते. ब्राउन यांच्या कवितेतील लय, पुनरुक्ती आणि आवाहन यांचा उगम तेथेच सापडतो. पण ज्या मंदिराने त्यांना भाषा दिली, तेथेच त्यांच्या प्रेमाला पापाची संज्ञा होती. कायद्याचा पवित्राही निराळा नव्हता. खासगी समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारा कायदा ज्या राज्यांत होता त्यांत लुइझियाना हे एक होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे २००३ साली रद्दबातल ठरवले, तेव्हा ब्राउन सत्तावीस वर्षांचे होते. रस्त्यावर वर्णामुळे संशय, घरात आणि देवळात प्रेमामुळे संशय, असा हा दुहेरी वनवास होता.

शिक्षणाचा मार्ग त्यांनी चिकाटीने काढला. न्यू ऑर्लिन्स येथील डिलर्ड विद्यापीठ, नंतर न्यू ऑर्लिन्स विद्यापीठ, आणि शेवटी ह्यूस्टन विद्यापीठाची डॉक्टरेट. मधल्या काळात न्यू ऑर्लिन्सच्या महापौरांची भाषणे लिहून देण्याचे कामही त्यांनी केले. दुसऱ्याच्या तोंडी शोभेल असे वाक्य घडविण्याची ही उमेदवारी कवीला उपकारक ठरली असावी. २००८ साली 'प्लीज', २०१४ साली 'द न्यू टेस्टामेंट' आणि २०१९ साली 'द ट्रॅडिशन' असे त्यांचे संग्रह प्रसिद्ध झाले. तिसऱ्या संग्रहाला २०२० साली पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि २०२४ साली मॅकआर्थर प्रतिष्ठानची मानाची पाठ्यवृत्तीही त्यांना लाभली. अटलांटा येथील एमरी विद्यापीठात ते काव्यलेखन शिकवतात.

'ट्रॅडिशन' म्हणजे परंपरा. परंपरा हा शब्द आपण सहसा आदराने उच्चारतो. ब्राउन तो दुधारी शस्त्रासारखा हाती धरतात. संग्रहाला जिचे नाव दिले आहे ती कविता फुलांच्या नावांनी सुरू होते. बागेत राबणारी माणसे आपण लावलेल्या फुलांची नावे घेत आहेत, असे ते चित्र आहे. कवितेच्या अखेरीस मात्र जी नावे येतात ती फुलांची नसून माणसांची आहेत. जॉन क्रॉफर्ड, एरिक गार्नर आणि माइक ब्राउन हे तिघेही कृष्णवर्णीय पुरुष २०१४ साली पोलिसांच्या हातून मृत्युमुखी पडले. कोठेही आक्रोश नाही, आरोप नाही. बाग लावणे ही जशी एक परंपरा, तशी उमललेले खुडून टाकणे ही दुसरी परंपरा. दोन्ही एकाच मातीत वाढल्या, एवढेच ती कविता सुचवते. विशेष हे की ही कविता चौदा ओळींची, म्हणजे सुनीत आहे. केशवसुतांनी मराठीत रुजविलेला हा युरोपीय प्रकार शतकानुशतके प्रेमाच्या स्तुतीसाठी राबला; येथे तो मृतांची नोंदवही झाला.

वारशाने आलेले घर असे वापरता येते, पण ते आपल्या मापाचे असतेच असे नाही. म्हणून ब्राउन यांनी स्वतःचे घर बांधले. जुन्या, फसलेल्या कवितांमधील ओळी त्यांनी कागदावरून कापून काढल्या आणि त्यांच्या पट्ट्या एकमेकींशेजारी मांडून पाहिल्या. त्यातून जो आकार सिद्ध झाला तोच डुप्लेक्स. त्याचे नियम थोडक्यात असे. ओळी चौदा, म्हणजे सात द्विपदी. प्रत्येक ओळ साधारण नऊ ते अकरा अक्षरांची. पहिल्या द्विपदीची दुसरी ओळ थोडा शब्दबदल होऊन पुढील द्विपदीची पहिली ओळ बनते, आणि हा क्रम पुढे चालू राहतो. अगदी अखेरची ओळ म्हणजे कवितेची पहिलीच ओळ. समजा, एका द्विपदीच्या शेवटी पावसाची ओळ आहे. पुढच्या द्विपदीच्या आरंभी ती पुन्हा येते. पण मधल्या रिकाम्या जागेत काहीतरी घडून गेलेले असते, आणि तोच पाऊस आता रडण्यासारखा ऐकू येतो. दोन द्विपदींमधील ही पुन्हा आलेली ओळ हीच ती सामाईक भिंत.

या घराच्या बांधणीत तीन वारसे एकत्र आले आहेत, असे कवीने स्वतः सांगितले आहे. चौदा ओळींचे माप सुनीताचे. ओळ एकदा म्हणून पुन्हा म्हणण्याची रीत ब्लूजची, म्हणजे दक्षिणेतील कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांच्या गाण्याची. आणि सुट्या, स्वतःपुरत्या पूर्ण द्विपदींची मांडणी गझलेची! मराठी श्रोत्याने येथे क्षणभर थांबावे. माधव जूलियन यांनी फारसीच्या अभ्यासातून जो प्रकार मराठीत आणला आणि सुरेश भटांनी जो घरोघरी पोचवला, तोच काश्मीरच्या आगा शाहिद अली यांनी अमेरिकेतील इंग्रजी कवींपुढे आग्रहाने मांडला. इंग्रजी गझलांचा एक संग्रह त्यांनी २००० साली संपादित केला. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. अरबस्तानातून निघालेला हा प्रवासी इराण, दिल्ली आणि काश्मीर असा हिंडत लुइझियानाच्या एका कवीच्या घरी पोचला, आणि तेथे ब्लूजच्या शेजारी त्याला खोली मिळाली.

हे केवळ रचनेचे कौशल्य नव्हे. ज्याला सतत विचारले गेले की तू आधी कृष्णवर्णीय की आधी समलिंगी, तू चर्चचा की चर्चबाहेरचा, त्याने दिलेले हे उत्तर आहे. यांपैकी एकाही ओळखीला बाहेर काढण्याची गरज नाही. सर्वांना एका छपराखाली राहू देणारे घर बांधता येते. मधली भिंत राहील, पण ती सामाईक असेल.

असा प्रश्न एकट्या अमेरिकेपुरता नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तिने आपले नाव अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतले. दुःखाला दुःखाची ओळख पटण्यास समुद्र आडवा आला नाही. ज्या चंडीगडात प्रत्येक पायरीला घराचा नमुना होता, त्या शहराच्या पंजाब विद्यापीठात २०१६ साली धनंजय चौहान यांना प्रवेश मिळाला, आणि त्या विद्यापीठाच्या पहिल्या तृतीयपंथी विद्यार्थी ठरल्या. दोन वर्षांनी, ६ सप्टेंबर २०१८ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. कायदा दार उघडू शकतो. आत आलेल्या माणसाला बसायला जागा देणे हे मात्र घरातल्यांचे काम आहे, आणि ते काम कसे करावे याचा एक छोटा नकाशा चौदा ओळींच्या त्या जोडघरात काढलेला आहे.