तेरा दिवसांत दहा विमाने

इंद्रलाल रॉय हा कोलकात्यात जन्मलेला, लंडनमध्ये शिकलेला मुलगा. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, वयाची एकोणीस वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, तो ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाला. त्याच डिसेंबरात विमान कोसळून तो जबर जखमी झाला. डॉक्टरांनी उड्डाणाला अपात्र ठरवले, पण पठ्ठ्याने हट्ट सोडला नाही.

त्याचे एस.ई.५ए विमान म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणलेले कापड. बसायची जागा उघडी, त्यामुळे उंचावर बोटे गारठत. एक मशिनगन फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या सोडी; दुसरी वरच्या पंखावर बसवलेली. ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूट मिळत नसे. विमान पेटले, तर जळायचे किंवा उडी टाकायची! वरिष्ठांची ही कंजुषी आज अक्षम्य वाटते.

जून १९१८ मध्ये तो ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून फ्रान्सच्या आघाडीवर परतला. ६ ते १९ जुलै या तेरा दिवसांत त्याच्या नावे दहा हवाई विजय लागले, काही सोबत्यांच्या भागीदारीत. २२ जुलैला जर्मन फोकर विमानांशी झालेल्या झुंजीत तो मारला गेला. मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस सप्टेंबरात जाहीर झाला. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय हवाई दलप्रमुख सुब्रतो मुखर्जी हे त्याचे भाचे.