इंग्रजी वाक्प्रचार : शब्द ओळखीचे, अर्थ अनोळखी



परीक्षा जवळ आली की इंग्रजीच्या गाईडमधली एक यादी सगळ्यांच्या वहीत येते. डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार आणि उजवीकडे त्याचा मराठी अर्थ. मुलं ती पाठ करतात, जोड्या लावतात, गुण मिळवतात आणि आठवड्याभरात विसरून जातात. विसरलं तर एक वेळ चालेल, पुन्हा वाचता येतं. पण पाठ असलेला वाक्प्रचार नको त्या जागी वापरला की समोरचा माणूस हसतो किंवा दुखावतो. म्हणून आज आपण यादी करणार नाही. वाक्प्रचाराचा अर्थ लागतो कसा, आणि आपण मराठी मुलं नेमके कुठे फसतो, ते पाहू.

आधी आपल्याच भाषेकडे बघा. "तोंडाला पाणी सुटणे" आणि "तोंडचे पाणी पळणे" या दोन्हींत तोंड आहे आणि पाणीही आहे. एकात समोर गरम जिलेबी आहे, दुसऱ्यात भीतीने माणूस गळून गेला आहे. हे आपल्याला कुणी शिकवलं? कुणीच नाही. आजी बोलताना ऐकलं, आई बोलताना ऐकलं, प्रसंग समोर घडत होता आणि अर्थ आपोआप डोक्यात बसला. आणखी एक गंमत म्हणजे "तोंडचे पाणी पळणे" याऐवजी "मुखातील जल पळणे" म्हणून बघा. शब्दार्थ तोच, पण वाक्प्रचार मेला! वाक्प्रचारातले शब्द असे घट्ट बांधलेले असतात. काळ बदलतो, कर्ता बदलतो, पण मुख्य शब्द बदलले की अर्थ हातातून निसटतो. इंग्रजीतही अगदी असंच आहे.

आता सगळ्यांच्या आवडीचं उदाहरण घेऊ. "इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज." म्हणजे खूप जोराचा पाऊस पडतोय. वर्गात हे वाक्य आलं की हशा पिकतो. कुत्री-मांजरं आकाशातून कशी पडतील? मग मी विचारते, "मुसळधार" म्हणताना आकाशातून मुसळं पडताना कुणी पाहिली आहेत का? तेव्हा वर्ग गप्प होतो! मोबाईलवर या वाक्प्रचाराची एक गोष्ट फिरत असते. जुन्या काळी इंग्लंडमध्ये गवताच्या छपरावर कुत्री-मांजरं झोपायची आणि पावसात घसरून खाली पडायची, अशी. तिला पुरावा नाही, सांगू नका. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' लिहिणाऱ्या जोनाथन स्विफ्टच्या १७३८ सालच्या एका पुस्तकात हा वाक्प्रचार आढळतो, इतकं मात्र पक्कं. तसंच आजच्या इंग्लंडमध्ये लोक तो रोजच्या बोलण्यात फारसा वापरत नाहीत. आपल्या गाईडांनीच त्याला जपून ठेवलंय.

खरी फसगत कुठे होते?

जे वाक्प्रचार विचित्र वाटतात तिथे आपण सावध असतो, म्हणून तिथे चूक कमी होते. चूक होते ती अगदी मराठीसारख्या दिसणाऱ्या वाक्प्रचारांत.

"स्टॉप पुलिंग माय लेग." शब्दशः बघितलं तर "माझा पाय ओढणं थांबव." मराठीत पाय ओढणं म्हणजे पुढे जाणाऱ्याला मागे खेचणं. टोपलीतल्या खेकड्यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तो मत्सर आहे, चांगली गोष्ट नाही. इंग्रजीत मात्र याचा अर्थ "माझी फिरकी घेऊ नकोस", "थट्टा पुरे" एवढाच. बोलणारा बहुतेक वेळा हसत असतो. इंग्रजी मित्राने हे वाक्य म्हटलं आणि आपण मराठी अर्थ घेतला, तर त्याने आपल्यावर मोठाच आरोप केला असं वाटेल आणि विनाकारण भांडण होईल.

दुसरी जोडी तर उलट्या टोकांची आहे. मराठीत "हात धुऊन मागे लागणे" म्हणजे पिच्छा न सोडणे. इंग्रजीत "टू वॉश वन्स हँड्स ऑफ समथिंग" म्हणजे एखाद्या गोष्टीची जबाबदारी झटकणे, आपला तिच्याशी संबंध संपवणे. म्हणजे आपलं "हात झटकणे" किंवा "हात वर करणे". हात दोन्हीकडे धुतले, पण एक जण मागे लागला आणि दुसरा निघून गेला! इंग्रजी वाक्प्रचारामागे बायबलमधला प्रसंग आहे. येशूला शिक्षा देताना रोमन अधिकारी पिलात लोकांसमोर पाण्याने हात धुतो आणि या माणसाच्या रक्ताचा दोष माझ्यावर नाही, असं सांगतो. हा प्रसंग एकदा कळला की अर्थ पुन्हा पाठ करावा लागत नाही. आणि आपल्याकडे "वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे" आहेच, त्याचा अर्थ आणखी तिसरा, संधी साधून घेणे.

"कीप ॲन आय ऑन माय बॅग." रेल्वे स्टेशनवर कुणी असं म्हणालं तर त्याला आपण "बॅगेवर लक्ष ठेवा" म्हणायचं आहे. "माझ्या बॅगेवर डोळा ठेवा" असं भाषांतर केलं तर पंचाईत. मराठीत एखाद्याच्या वस्तूवर डोळा असणं म्हणजे ती लाटायचा विचार असणं.

"ही गॉट कोल्ड फीट" वाचून काही मुलं सरळ लिहितात की त्याला थंडी वाजली. थंडीचा इथे काही संबंध नाही. ऐनवेळी त्याची हिंमत गेली, त्याने कच खाल्ली. भाषणाला नाव दिलं, पाठांतर झालं आणि स्टेजच्या पायरीवर येऊन परत फिरला, तेव्हा म्हणायचं "कोल्ड फीट".

"सिंहाचा वाटा" हा तर इंग्रजीतल्या "लायन्स शेअर"चाच मराठी अवतार. मूळ गोष्ट इसापाची. शिकार सगळ्यांनी मिळून केली, पण वाटे करताना सिंहाने सगळं स्वतःकडेच ठेवलं. इंग्रजीत आज याचा अर्थ "सर्वांत मोठा हिस्सा", आणि तो घेण्याबद्दल बऱ्याचदा बोललं जातं. नफ्यातला मोठा हिस्सा कुणी घेतला, खाऊतला कुणी घेतला. मराठीत आल्यावर हा सिंह चांगला सुधारला. "तिच्या यशात आईचा सिंहाचा वाटा आहे" असं आपण कौतुकाने म्हणतो. इथे आई काही घेत नाही, देते आहे. एकच गोष्ट भाषा बदलली की कशी वेगळी वळते बघा.

कुणाला म्हणतोय ते बघा

गाईडमध्ये "किक द बकेट" यापुढे फक्त "मरण पावणे" असं छापलेलं असतं. अर्थ बरोबर आहे, पण अर्धाच आहे. हा वाक्प्रचार थट्टेच्या सुरातला आहे. मराठीत आपण "गचकला" म्हणतो ना, त्याच्या जवळचा. समजा मित्राचे आजोबा वारले आणि तुम्ही सांत्वनाच्या इंग्रजी पत्रात हा वाक्प्रचार लिहिला. व्याकरणाची एकही चूक नाही, तरी पत्र वाचून त्या घरात काय वाटेल? तिथे "पास्ड अवे" हाच शब्द हवा, आपल्या "निधन झाले", "देवाघरी गेले" यासारखा. म्हणून शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे की यादीत अर्थाशेजारी एक छोटा रकाना आखून घ्या. थट्टेत, घरगुती बोलण्यात की औपचारिक लेखनात, एवढं लिहिलं तरी पुरे.

याच्या उलट प्रकार म्हणजे "ब्रेक अ लेग". पाय मोडू दे! आपल्याकडे स्नेहसंमेलनाच्या दिवशी कुणी असं बोललं तर आजी चांगली फैलावर घेईल. पण इंग्रजी रंगभूमीवर नटाला स्टेजवर जाण्याआधी हीच शुभेच्छा देतात. तिथे थेट "गुड लक" म्हणणं अपशकुनाचं मानलं जातं. बाळाच्या गालावर काळी तीट लावणाऱ्यांना हे समजायला अवघड जाऊ नये.

कधी कधी इतिहास मदतीला येतो

"टू मीट वन्स वॉटर्लू" म्हणजे पुन्हा उठता येणार नाही असा पराभव होणे. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लू इथे नेपोलियन हरला, ती त्याची शेवटची लढाई. याला मराठीत काय म्हणाल? माझ्या वर्गातल्या मुलांनी क्षणात सांगितलं, "पानिपत होणे." १४ जानेवारी १७६१. दोन्ही भाषांनी आपापल्या जखमेवरून शब्द घडवला. अशी जोडी सापडली की ती वहीत रंगीत पेनने लिहा, कारण इतक्या नेमक्या जोड्या फार मिळत नाहीत.

"वन्स इन अ ब्लू मून" म्हणजे फार क्वचित, आपलं "सठीसामाशी". इथे चंद्र निळा होत नाही. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या तर दुसरीला आज ब्लू मून म्हणतात. दोन पौर्णिमांमध्ये साधारण साडेएकोणतीस दिवसांचं अंतर असतं, त्यामुळे हा योग सरासरी अडीच-पावणेतीन वर्षांनी येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये आला होता. त्या वर्षी आपल्याकडे अधिक श्रावण होता, आठवतंय?

मात्र प्रत्येक वाक्प्रचारामागे अशी गोष्ट सापडतेच असं नाही. "पीस ऑफ केक" म्हणजे अगदी सोपं काम, आपल्या "डाव्या हातचा मळ"सारखं. यात केकच का, हे शोधत बसलात तर पाच वाक्प्रचार शिकायचे राहून जातील.

मग अर्थ लावायचा कसा?

वाक्प्रचार एकटा वाचू नका, त्याच्या आजूबाजूची वाक्यं वाचा. आधी शब्दशः अर्थ लावून बघा. तो प्रसंगात बसला नाही तर समजायचं की इथे वाक्प्रचार आहे. मग कोण बोलतंय, कुणाशी, रागात की हसत, हे शोधा. उदाहरणार्थ, "वी प्लॅन्ड अ सरप्राइज पार्टी, बट माय ब्रदर स्पिल्ड द बीन्स." शब्दशः भावाने घेवड्याचे दाणे सांडले. पण वाक्यात गुपित पार्टी आहे आणि "पण" आहे. म्हणजे पार्टीचं काहीतरी बिघडलं. भावाने काय केलं असेल? बरोबर, गुपित फोडलं! गाईड न उघडता अर्थ मिळाला, आणि असा मिळालेला अर्थ बराच काळ टिकतो. घरी करून बघायचं असेल तर वहीच्या डाव्या पानावर शब्दशः चित्र काढा, दाणे सांडणारा भाऊ, आणि उजव्या पानावर खरा प्रसंग. चित्र चांगलं यायलाच हवं असं नाही.

आता तुमच्यासाठी तीन वाक्यं. गाईड मिटून ठेवा, अर्थ स्वतः लावा आणि तोच अर्थ देणारा मराठी वाक्प्रचार सापडतो का ते घरच्यांना विचारा.

१. "आय हॅव अ टेस्ट टुमॉरो, सो आय ॲम बर्निंग द मिडनाइट ऑइल."

२. "द टीचर टर्न्ड अ ब्लाइंड आय टू द नॉइज बिकॉज इट वॉज द लास्ट डे ऑफ स्कूल."

३. "आय लाइक क्रिकेट, बट चेस इज नॉट माय कप ऑफ टी."

दुसऱ्या वाक्यातल्या बाई आंधळ्या नाहीत, आणि तिसऱ्यात चहा कुणीच पीत नाहीये, एवढंच आत्ता सांगते.