प्रश्न विचारल्यानंतरचे तीन सेकंद

‘समजलं का?’ हा वर्गात हमखास ऐकू येणारा प्रश्न. त्याला ‘होऽऽ’ असं एका सुरात उत्तर मिळतं आणि धडा पुढे सरकतो. कोणाला काय समजलं, याचा मात्र त्यातून पत्ता लागत नाही. हात वर करायला लावलं तरी पुढच्या बाकांवरची ठरावीक चार-पाच मुलंच हात वर करतात. त्यांतल्या एकाचं उत्तर बरोबर आलं की सगळ्या वर्गाला आलं असं धरलं जातं. गप्प बसलं तरी भागतं, हे बाकीच्यांना तोवर पक्कं कळलेलं असतं.

विज्ञानशिक्षणाच्या अमेरिकी अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या सुमारास वर्गांतल्या संभाषणांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारून झाल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, असं त्यांना दिसलं. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर ते प्रश्नच बदलतात, दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर सांगून मोकळे होतात. ही उसंत तीन सेकंदांवर नेली तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’चं प्रमाण घटलं आणि ‘कच्ची’ समजली जाणारी मुलंही बोलू लागली. उत्तर आल्यानंतर थांबण्यालाही रो यांनी तितकंच महत्त्व दिलं. पहिल्या उत्तरावर लगेच ‘शाब्बास’ म्हटलं की बाकीच्यांचा विचार तिथेच थांबतो. शिक्षकाला मात्र तीन सेकंदांची शांतता फार लांब वाटते, आणि खरी अडचण तीच आहे.

थांबल्यावर सगळ्यांची उत्तरं एकदम दिसायला हवीत. त्यासाठी पाटीइतकं सोयीचं साधन नाही. प्रत्येकाने उत्तर लिहायचं आणि खूण होताच सगळ्यांनी पाट्या एकदम वर धरायच्या. शेजाऱ्याचं पाहून लिहायला वाव राहत नाही, आणि चाळीस पाट्यांवरून नजर फिरवायला शिक्षकाला अर्धं मिनिटही लागत नाही.

प्रश्न कोणता निवडायचा, हे कौशल्याचं काम. समजा, ०.८ आणि ०.३५ यांतली मोठी संख्या विचारली. बरीच मुलं ०.३५ लिहितात, कारण ३५ ही ८पेक्षा मोठी. पण ०.८ लिहिणाऱ्या साऱ्यांना दशांश कळला आहे, असंही नाही. ‘शतांश हे दशांशापेक्षा लहान, म्हणून दोन अंकी अपूर्णांक नेहमी लहानच’ असा काहींचा समज असतो. चुकीच्या वाटेने ती बरोबर उत्तरावर पोहोचलेली असतात. म्हणून दुसरी जोडी ०.४ आणि ०.४५ अशी द्यावी लागते. तिथे पहिला गट बरोबर ठरतो आणि दुसरा अडकतो. दोन्ही जोड्या सोडवणाऱ्यांनाच स्थानिक किंमत कळली असं म्हणता येईल, तेही कारण विचारल्यावर. चुकांचा असा आधीच अंदाज घेऊन प्रश्न रचणं, ही खरी पाठाची तयारी.

पाट्यांवर उत्तरं विभागलेली दिसली तर शिक्षकाने लगेच खुलासा करू नये. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर यांनी १९९१पासून हीच रीत वापरली. त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सोडवत. पण मालट्रक आणि छोटी मोटार धडकल्यावर कोणाचा जोर कोणावर जास्त, या साध्या प्रश्नावर अडखळत. (दोन्ही जोर सारखेच असतात.) माझूर आधी प्रत्येकाचं उत्तर घेत. साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तर शेजाऱ्याला पटवून द्यायला सांगत आणि पुन्हा उत्तरं घेत. नुकतंच समजलेल्याला अडखळण्याची जागा ताजी आठवत असते. तज्ज्ञ ती कधीच विसरलेला असतो.

एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असलेल्या लहान शाळांत ही रीत विशेष उपयोगी पडते, कारण एक गट जोडीने वाद घालत असताना दुसऱ्याकडे लक्ष देता येतं. गलबला होतो, तो सोसावा लागतो. शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग, ही समजूत मुख्याध्यापकांनीही जरा बाजूला ठेवावी. पोर्शन मागे पडण्याची भीतीही रास्त आहे. पण तासाला असे एक-दोन प्रश्न पुरतात.

समजलेलं टिकायला आठवण्याचा सराव लागतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये दाखवून दिलं, की उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना तो पाच मिनिटांनी जास्त आठवतो. पण आठवड्यानंतर बाजी मारतात ते न बघता आठवून लिहिणारे. त्यामुळे तासाच्या सुरुवातीला वह्या मिटवून मागच्या आठवड्यातले दोन प्रश्न पाटीवर सोडवून घ्यावेत. त्यांना गुण देऊ नयेत; गुण आले की मुलं चूक लपवतात.